विजयदुर्गाचे साहेब आणि जेऊरची हिरवी रेघ

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१८ ऑगस्टच्या हेलियम दिनानिमित्त आपण विजयदुर्गावर छापलेलं पान आवडीनं वाचलं. मात्र त्यात दोन चुका आहेत, आणि एका गावाचं नाव राहून गेलंय. ते गाव माझंच असल्यामुळे हा पत्रप्रपंच.

पहिली चूक जुनीच आहे. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी १८६८ च्या ग्रहणात विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असं आपण म्हणता. त्या वर्षी लॉकियर भारतात आलेच नव्हते. १८ ऑगस्टचं ग्रहण गुंटूरहून पाहिलं ते फ्रान्सच्या खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी. लॉकियर यांनी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात बसून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट, म्हणजे त्यांच्या उजेडाचे सुटे केलेले रंग, पाहिला. त्यातली पिवळी रेघ पुढे हेलियमची ठरली. विजयदुर्गावर ते आले, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. इंग्रजी आरमाराच्या ‘मेलपोमीन’ जहाजाचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. माझ्या मते किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून जे चौथरे दाखवतात, त्यांचे साहेब हे १८९८ चे, आणि ते आले होते करोना, म्हणजे खग्रास ग्रहणात सूर्याभोवती दिसणारं प्रभामंडल, बघायला.

त्याच दिवशी, त्याच सावलीच्या पट्ट्यात आमचं जेऊर होतं. हो, करमाळा तालुक्यातलं, रेल्वे स्टेशन असलेलं. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फुटी कॅमेरा घेऊन इथे उतरले होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी नायगमवालाही आपली मोहीम घेऊन इथेच आले. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यासाठी सातासमुद्रापलीकडून पेट्या आणायच्या आणि ढग येऊ नये म्हणून आभाळाकडे बघत बसायचं!

करोनाच्या वर्णपटात एक हिरवी रेघ असते. तिची तरंगलांबी (वर्णपटातली तिची जागा यावरून ठरते) तोवर सुमारे ५३१७ अँगस्ट्रॉम धरली जायची; अँगस्ट्रॉम हे अतिसूक्ष्म लांबीचं एकक. १८९८ च्या भारतातल्या छायाचित्रांच्या काचांवर ती ५३०३ च्या आसपास भरली. चौदा अँगस्ट्रॉमचा फरक सामान्य माणसाला काय सांगणार? पण प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघांच्या जागा ठरलेल्या असतात; जागा चुकली की मूलद्रव्याची ओळखही चुकते. रेघ कुणाची ते तरीही कळेना, म्हणून ‘कोरोनियम’ नावाचं मूलद्रव्य कल्पून ठेवलं होतं. १९४० च्या सुमारास स्वीडनचे भौतिकशास्त्रज्ञ एडलेन यांनी उलगडा केला: हे तर आपलं लोखंड, फक्त तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं. लोखंडाची अशी अवस्था व्हायला दहा लाख अंशांहून जास्त तापमान लागतं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा आणि वरचा करोना त्याहून शेकडो पटींनी तापलेला! चुलीपेक्षा धूर गरम, असा हा प्रकार. त्याचं पुरतं उत्तर अजून मिळालेलं नाही. संशय चुंबकीय क्षेत्रावर आहे.

दुसरी चूक ताजी. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या भारताच्या ‘आदित्य एल-१’ यानानं टिपलेलं जे छायाचित्र आपण करोनाचं म्हणून छापलंत, ते करोनाचं नाही. ते पुण्याच्या ‘आयुका’ या खगोल संस्थेनं बनवलेल्या, यानावरच्या ‘सूट’ दुर्बिणीनं टिपलेलं आहे. ती अतिनील किरणांत सूर्याचं दीप्तिमंडल (दिसणारा पृष्ठभाग) आणि वर्णमंडल (त्यावरचा थर) टिपते. करोना बघण्याचं काम बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या ‘व्हीईएलसी’ या उपकरणाचं. ते सूर्याची तबकडी झाकून स्वतःपुरतं ग्रहण घडवतं आणि कडेच्या अगदी जवळपासचा करोना पाहतं. यान आहे तिथे, पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, ना हवा, ना ढग, ना रात्र. त्यामुळे दोन मिनिटांची घाई नाही.

आणि हे उपकरण ज्या रेघांवर नजर ठेवतं, त्यातली एक हीच, ५३०३ ची. १६ जुलै २०२४ ला सूर्यावरून मोठा उद्रेक झाला. करोनातल्या चुंबकीय कमानींनी धरून ठेवलेला तप्त वायू, ती वीण विस्कटली की असा बाहेर फेकला जातो. उद्रेक म्हणजे लखलखाट अशी आपली समजूत. पण या हिरव्या रेघेत तिथला उजेड जवळपास निम्म्यावर आला आणि सुमारे सहा तास तसाच मंद राहिला. माल निघून गेल्यावर वखार रिकामी दिसावी, तसं. उरलेल्या वायूचं तापमान मात्र वाढलं होतं. मला तर हे कुठल्याही रंगीत छायाचित्रापेक्षा जास्त थरारक वाटलं. असा वायूचा ढग पृथ्वीच्या वाटेवर असला, तर उपग्रह आणि वीजवाहिन्यांना त्रास होऊ शकतो. मे २०२४ च्या सौर वादळात लडाखमधल्या हानलेचं आभाळ लाल झालं होतं, त्याचं मूळ असल्याच उद्रेकांत होतं.

तेव्हा विनंती अशी, की दोन्ही चुकांची दुरुस्ती छापावी. विजयदुर्गाचं महत्त्व त्यानं कमी होत नाही. हेलियम गेला तरी करोना राहतोच. आणि पुढच्या वेळी २२ जानेवारीला आपला वार्ताहर जेऊरला पाठवा. स्टेशनवर त्या ग्रहणाची एक साधी पाटीसुद्धा माझ्या पाहण्यात नाही. चहाची सोय आमच्याकडे होईल.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, जेऊर (ता. करमाळा, जि. सोलापूर)