दुःखाला जरा पानं द्या की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्याकडे एका वाचकांचं पत्र आलं होतं की पुराणातल्या आणि बायबलातल्या रडक्या गोष्टींची कॉमिक्स मुलांच्या हातात देऊ नका, मुलं घाबरतात, रात्री झोपत नाहीत, आधीच त्या मोबाईलने डोकं फिरलेलं असतं. मनापासून लिहिलेलं होतं, त्यामुळे टिंगल करत नाही. मी कुडाळ तालुक्यात एका हायस्कूलात गेली एकवीस वर्षं चित्रकला शिकवते आणि या कॉमिक्सबद्दल माझीही तक्रार आहे, फक्त ती अशी आहे की त्यात दुःख फारच कमी असतं.

शाळेच्या लायब्ररीसाठी मागच्या वर्षी हरिश्चंद्राचं एक कॉमिक आणलं. कोणाचं ते सांगत नाही. पानं बत्तीस. सहज मोजत बसले तर इंद्राचा दरबार आणि वसिष्ठ-विश्वामित्रांचं भांडण यालाच सहा पानं, त्यात दागिने काय, खांब काय, सगळं झगमगीत. काशीच्या बाजारात राजा बायकोला आणि पोराला विकतो ती एक चौकट! एक! वर पट्टीत लिहिलंय, ‘राजाने पत्नी व पुत्रास विकले’, झालं. रोहिदासाला साप चावतो तो अर्ध्या चौकटीत, पोराचा नुसता पाय दिसतो. मग स्मशान एक पान आणि लगेच देव हजर, पुष्पवृष्टी, चार पानं. आणि तो डोंब, तो काळाकुट्ट, सुळे बाहेर आलेला असा रंगवलाय की मला वर्गात ते पान उघडून दाखवायची लाज वाटली. अहो मार्कंडेय पुराणात तो डोंब म्हणजे वेष घेऊन आलेला साक्षात धर्म आहे, मग त्याला राक्षस कशाला करता?

आता हेच आमच्या जत्रेतल्या दशावतारात बघा. लिहिलेली संहिता नसते, नट उभ्या उभ्या बोलतो. लहानपणी एकदा हरिश्चंद्राचं आख्यान बघितलेलं, तारामतीचं काम करणारे गृहस्थ दिवसा शेती करायचे, पण त्या रात्री पोराला मांडीवर घेऊन जे बसले ते उठेचनात, पेटीवाला मध्येच थांबायचा, परत सूर धरायचा, आणि माझ्या शेजारी बसलेली काकी पदर तोंडात घालून गप्प. किती वेळ गेला माहीत नाही. त्यानंतर देव आले तेव्हा कुठे बरं वाटलं. ते आधी आले असते तर काय वाटणार होतं? मी तेव्हा तिसरीत होते, घाबरले वगैरे नाही, उलट आईला म्हटलं परत उद्या जाऊया.

कॉमिक वाईट असतं असं मी म्हणत नाहीये हां. अनंत पै यांनी १९६७ मध्ये अमर चित्र कथा सुरू केली नसती तर आमच्या पिढीला अर्धी पुराणं कळलीच नसती, मी स्वतः त्यातली चित्रं ट्रेस करून करून हात बसवलाय. आणि चित्रातून गोष्ट सांगणं आपल्याला काही नवीन नाही, पिंगुळी आमच्यापासून दहा मिनिटांवर. तिथले ठाकर लोक पिढ्यानपिढ्या चित्रकथी करतात, रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची पोथी म्हणजे चित्रांचा गठ्ठा, एक चित्र पुढे उभं करायचं आणि वीणा, टाळ, हुडूक घेऊन गायचं, ते संपलं की पुढचं. परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली, त्यांनी गुरांच्या गोठ्यातच म्युझियम केलंय, मी दरवर्षी पोरांना घेऊन जाते. तिथे नीट बघितलं की एक गोष्ट लक्षात येते. पान कधी उलटायचं ते गाणारा ठरवतो. प्रसंग रडण्याचा असेल तर तेच चित्र तो हलवत नाही, गातच राहतो, आणि तुम्हाला दुसरीकडे बघायची सोयच नसते. कॉमिकात ही सोय वाचणाऱ्याच्या बोटात आहे, फाटकन पान उलटलं की संपलं, म्हणून चित्रकारानेच तिथे जास्त चौकटी द्यायला पाहिजेत, नाहीतर पोरगं थांबणार कसं.

मे महिन्यात मी सुट्टीचा वर्ग घेते, यंदा विषयच दिला, पोथी-पुराणातली कोणाच्याही दुःखाची गोष्ट, आठ पानांचं कॉमिक. आठवीतल्या एका मुलीने तारामती घेतली. स्मशानाच्या पानावर तिने माणसंच काढली नाहीत, अख्खं पान निळ्या बॉलपेनने गिरगिटून काढलं, इतकं की कागद दोन ठिकाणी फाटला, आणि खालच्या कोपऱ्यात एवढासा दिवा. मी म्हटलं अगं पेन संपवलंस, तर म्हणाली बाई दोन संपली.

आणि वेंगुर्ल्याकडून येणारा एक मुलगा, घरची होडी आहे, रविवारी चर्चला जाणारा, त्याने ईयोब घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ईयोब हा देवभक्त, श्रीमंत माणूस, सात मुलगे तीन मुली, सात हजार मेंढरं, तीन हजार उंट, आणि वर देवासमोर सैतान म्हणतो की सगळं काढून घे मग बघ हा तुझं नाव घेतो का. सगळं जातं, पोरं जातात, अंगभर फोडं येतात. बायबलातल्या त्याच्या पुस्तकाचे ४२ अध्याय, पण गोष्ट अशी पहिल्या दोन आणि शेवटच्या एका अध्यायातच, मधे सगळा वाद. मित्र सांगतात तूच काहीतरी पाप केलं असशील, हा म्हणतो नाही केलं, आणि देवालाच जाब विचारतो. बरेच कॉमिकवाले हा मधला भाग सरळ गाळतात, कारण त्यात मारामारी नाही, नुसती बसलेली माणसं बोलतायत. पण मग राहिलं काय? गेलं आणि परत मिळालं, लॉटरीसारखं.

या मुलाने पहिल्याच पानावर मला गाठलं. म्हणे, ‘बाई, देवान त्येका शेवटाक तरी सांगल्यान काय, कित्या झाला ता?’ नाही सांगत. देव शेवटी वादळातून बोलतो, पण त्या सैतानाबरोबरच्या बोलण्याचा एक शब्द ईयोबाला कळत नाही. मग मुलगा म्हणाला आपण पण नको दाखवूया, आणि स्वर्गाचं पान त्याने काढलंच नाही. मला वाटतं, मोठमोठ्या चित्रकारांना हे सुचायला हवं होतं.

पुढे ते तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस सात रात्री जमिनीवर नुसते बसून राहतात, कोणी अवाक्षर बोलत नाही. त्याने एका पानावर सात चौकटी काढल्या, सगळ्या सारख्या. आमच्यासारखंच खळं, मागे चिऱ्याचा गडगा, ईयोबाच्या हातात खाजवायला फुटक्या कौलाचा तुकडा, तिघे गुडघ्यात मान घालून. गडग्यावर एक कावळा, पाचव्या चौकटीत तो नाही. बस एवढाच फरक. होडी वेळेवर परत आली नाही की किनाऱ्यावरच्या घरात माणसं अशीच येऊन बसतात, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही.

शेवटी परत अडला. पुस्तकात मेंढरं चौदा हजार होतात, उंट सहा हजार, सगळं दुप्पट, पोरं मात्र परत सात आणि तीनच. ‘बाई, पोरां तीच काढू की येगळी?’ लिहिणाऱ्याला आकडा लिहून पुढे जाता येतं, चित्रकाराला चेहरे काढावे लागतात. रोहिदास उठून बसतो, शंकराने अतिथी होऊन मागितला म्हणून आईबापांनीच मारलेला श्रियाळ राजाचा चिलया आईच्या हाकेला धावत येतो, ईयोबाची ती दहा मात्र गेलीच. मला उत्तर देता आलं नाही. त्याने नवी दहा मुलं ओळीत उभी केली आणि मागच्या भिंतीवर दहा फोटो फ्रेम टांगल्या.

एका बाबतीत मात्र त्या वाचकांशी मी सहमत आहे. चिलयाचं डोकं आई उखळात कांडते तो प्रसंग चौथीतल्या पोरांना चौकटीत दाखवू नये. मी तर बंद दार काढीन आणि आतून मुसळाचा आवाज.

तुमच्या रविवारच्या बालपुरवणीत मागचं अर्धं पान हल्ली जाहिरात नसली की शब्दकोड्याने भरता, तिथे या मुलांचं काम छापता येईल का? मुलांची आणि पालकांची परवानगी घेऊन पानं पाठवते, काळ्या पेनातली आहेत, रंगाचा खर्च नाही. मुलीचं ते निळं पान नीट स्कॅन होत नाहीये, ते सोडा. पण ईयोबाचं घेतलंत तर जागा कमी पडते म्हणून त्या सात चौकटींच्या चार करू नका, एवढी विनंती.

आपली,
एक चित्रकला शिक्षिका, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग