गोळी बंद केल्यावर 'साफ' काय करायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्यावर 'हार्मोन्स शरीरातून धुऊन निघायला सहा महिने लागतात', हे वाक्य आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचलं. कोथरूडमध्ये माझं औषधांचं दुकान आहे. बुधवारपर्यंत त्या लेखाचं कात्रण घेऊन दोघीजणी काउंटरवर आल्या, म्हणून हे पत्र.

पहिलीबरोबर सासूबाई होत्या. "हिचं आतलं सगळं साफ होईल असं काहीतरी द्या," म्हणाल्या. मी माला-डीचं पाकीट त्यांच्यासमोर उलटं करून ठेवलं. २१ पांढऱ्या गोळ्या हार्मोनच्या, ७ चॉकलेटी नुसत्या लोहाच्या. चॉकलेटी गोळ्या सुरू झाल्या की दोन-चार दिवसांत पाळी येते, ती हार्मोन उतरलं म्हणूनच. सहा महिने रेंगाळणारी गोष्ट दर महिन्याला तीन दिवसांत कशी उतरेल? आणि ती खरंच रेंगाळत असती, तर नवं पाकीट सुरू करायला दोन दिवस उशीर झाला म्हणून कुणाला दिवस गेले नसते. गोळीतलं हार्मोन साधारण दिवस-दीड दिवसात निम्मं होतं, मग त्याच्या निम्मं. यकृत ते मोडतं, लघवी-शौचावाटे ते जातं. आठवड्याभरात हिशेब संपतो. यकृत हे काम फुकट करतं, त्याला महागडा काढा लागत नाही. (असा एक काढा माझ्याही कपाटात होता. गेल्या वर्षी परत पाठवला.)

दुसरीने कात्रणातल्या त्याच वाक्याखाली पेनाने रेघ मारली होती. "यात सहा महिने म्हटलंय, मग माझी पाळी कशी चुकली? गोळ्या तर संक्रांतीला सोडल्या." गोळ्यांचा असर अजून असेल, या भरवशावर दोघं बिनधास्त होती. गोळी सोडल्यावर पाळी मार्गी लागायला कुणाला दोन-तीन महिने लागतातही, पण तो वेळ अंडाशयाला पुन्हा कामाला लागायला लागतो, रक्तात हार्मोन साठून राहिलेलं नसतं. तोवर दिवस राहणारच नाहीत, असं मुळीच नाही. मी तिला तपासणीची पट्टी दिली. पुढे काय झालं, ठाऊक नाही.

लेखकाची बहुधा गोळी आणि इंजेक्शन यांत गल्लत झाली असावी. तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, जे सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून 'अंतरा' नावाने मोफत मिळतं, त्याची गोष्ट खरोखर निराळी आहे. १५० मिलिग्रॅम औषध बारीक कणांच्या रूपात स्नायूत बसतं आणि हळूहळू विरघळतं. म्हणून तर सुई दिलेली जागा चोळू नका म्हणतात. एकदा दिलं की ते काढून घेता येत नाही. शेवटच्या इंजेक्शनपासून दिवस राहायला सरासरी सात ते दहा महिने लागतात. औषध वाईट नाही, वंध्यत्वही येत नाही. पण वर्षभरात मूल हवं असलेल्या मुलीला हे सुई टोचण्याआधी सांगायला हवं. माझ्या नात्यातल्या एकीला एका दवाखान्यात कुणी सांगितलं नाही. पाच महिने झाल्यावर घरात कुजबूज सुरू झाली, मग कुणाच्या तरी सल्ल्याने उपास. शेवटी नवव्या महिन्यात दिवस राहिले, आणि श्रेय उपासाला गेलं!

आठवड्याची 'छाया' गोळी लोक हार्मोनचीच समजतात. लखनौच्या सरकारी औषध संशोधन संस्थेत तयार झालेल्या त्या गोळीत हार्मोन नाहीच, तरी ती माला-डीपेक्षा जास्त दिवस अंगात राहते. तांबीतही हार्मोन नसतं. ती काढली की काम संपलं. या सगळ्यांना एकच 'सहा महिने' लावून चालणार नाही. गोळ्या सोडून तीन महिने पाळीच आली नाही, तर मात्र डॉक्टर गाठावा. कित्येकदा मूळची अनियमित पाळी गोळीमुळे नियमित दिसत असते, इतकंच.

खुलासा छापणार असाल, तर कृपया त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापावा. कात्री त्याच पानाला लागते.

आपली,
एक औषधविक्रेती, कोथरूड, पुणे