आई-बाबा, माळाचं तेवढं थांबवा

प्रिय आई, बाबा,

फोनवर नीट बोलणं होत नाही. रेंज पाण्याच्या टाकीवर चढलं की येते आणि तिथे वारा एवढा असतो की आईला माझं अर्धंच ऐकू जातं, म्हणून सगळं, आणि आपल्या मार्डीकडच्या माळावर जेसीबी फिरवायच्या तुमच्या बेताबद्दलही, सविस्तर लिहितेय. दादाला सांगितलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला, म्हणजे बाबांना वाचताना त्रास नको.

आधी तुमच्या काळजीचं सांगते. ज्यांच्या शेतावर मी काम करते त्या काका-काकूंच्या घरातल्या मधल्या खोलीत मी राहते, दाराला आतून कडी आहे, जेवण दोन्ही वेळचं गरम, भाकरी-पिठलं, कधी शेपू, कधी नुसतं दही आणि तू दिलेली शेंगाचटणी. फुरसं असतं या मुरमात हे खरंय, म्हणून संध्याकाळनंतर बॅटरी आणि गमबूट घातल्याशिवाय कोणी अंगणाबाहेर पडत नाही, काका त्या बाबतीत फार कडक आहेत. नोकरी सोडलेली नाही बाबा, बिनपगारी रजा आहे, परत जायचंच आहे. शेजारच्या काकूंना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण खरं सांगितलंत तर मला जास्त आवडेल.

आता बाबांचा प्रश्न. झाडं लावायला गेलीस ना, मग किती लावलीस? बाबा, आम्ही झाडं जवळजवळ लावतच नाही. हे शेत नान्नजच्या पुढे, बार्शी रोड सोडून आत, सगळा मुरमाड माळ. काकांनी आधी सगळे प्रयोग करून पाहिले, बोअर घेतलं, सीताफळ लावलं, दोन दुष्काळांत सगळं वाळून गेलं. मग त्यांनी वरचा सगळा तुकडा माळ म्हणूनच परत उभा करायचं ठरवलं. आपल्या सोलापूरला वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही कधी पडेल त्याचा भरवसा नाही, आणि खाली वीतभर माती मग मुरूम. अशा जमिनीवर निसर्गानं हजारो वर्षं जे वाढवलं ते गवत आहे, आणि मधेमधे हिवर, बोर, बाभूळ, तरवड, हेंकळ. आपण शहरातली माणसं हिरवी झाडी दिसली की खूश होतो आणि पिवळं गवत दिसलं की म्हणतो इथे काहीच नाही, मीपण लहानपणापासून एसटीच्या खिडकीतून तेच बघत आले.

कामाचं सांगते. आत्ता गवताचं बी गोळा करायचे दिवस आहेत. पवन्या, मारवेल, डोंगरी गवत, कुसळी. सकाळी दव वाळलं की आम्ही कमरेला पिशवी बांधून रांगेनं जातो आणि तुरे हातानं ओढून बी काढतो, सगळं नाही काढायचं, निम्म्याहून जास्त जागेवरच सोडायचं. हे बी लगेच पेरून उगवत नाही, काही महिने विश्रांती लागते त्याला, म्हणून सुकवून गोणपाटात भरून ठेवायचं आणि जूनमध्ये पहिल्या पावसाच्या अंदाजानं ओल्या मातीत कालवून वरच्यावर टाकायचं, कारण हलकं असतं, नुसतं फेकलं तर वारा घेऊन जातो आणि खोल गेलं तर उगवत नाही. मारवेलचे मात्र ठोंब लावले तरी चालतात. कुसळीची गंमत बघाल तर आई तुला फार आवडेल, तिच्या बियाला लांब काळी शेपटी असते, ती ओली झाली की पीळ सुटतो, वाळली की परत पीळ बसतो, असं करत करत ते बी स्वतःच जमिनीत शिरतं! माझ्या सगळ्या सलवारींना ती कुसळं चिकटलेली आहेत, धुवायला टाकताना तुझी आठवण येते कारण तू असतीस तर एकेक वेचत बसली असतीस.

दुसरं काम उपटायचं. गाजर गवत फुलावर यायच्या आत मुळासकट काढायचं, हातमोजे घालून, नाहीतर अंगाला खाज सुटते. 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं म्हणे हे, आणि आज आपल्याकडे एक बांध त्याच्याशिवाय नाही. वेडी बाभूळ त्याहून चिवट, नुसती कापली तर बुडख्यातून दहा फुटवे येतात, म्हणून जमिनीखालची गाठ खणून काढावी लागते, आणि शेंगा पिकायच्या आत, कारण शेंग गोड असते, शेळ्या खातात आणि बी लांबलांब नेऊन टाकतात. काका एकदम सगळी काढत नाहीत. गावातल्या बायकांचं सरपण त्यावर चालतं, पाखरांची घरटीही असतात त्यात, म्हणून थोडीथोडी, आणि काढलेल्या जागेत गवत धरलं की मगच पुढची. मला हे फार पटलं. घाईनं जमीन साफ करणारे खूप बघितलेत, पुढच्या वर्षी तिथे काय येईल याचा विचार करणारे कमी.

गिरिपुष्पाच्या झाडाचं तर बोलायलाच नको. माळामाळांवर रांगाच्या रांगा लावलंय ते, लवकर वाढतं, जनावर फारसं तोंड लावत नाही, फोटोत जंगल दिसतं. पण त्याच्याखाली गवत धरत नाही आणि गवत गेलं की त्यावर जगणारं सगळंच गेलं. माळढोकाचंच बघा. 1979 ला नान्नजला अभयारण्य झालं, सुरुवातीला कागदावर जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर, आणि आज एखादा माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. आजोबा त्याला हूम म्हणायचे, आठवतंय ना बाबा, नराचा आवाज लांबून ऐकू यायचा म्हणायचे. एवढा मोठा पक्षी, नर पंधरा किलोपर्यंत भरतो, आणि मादी उघड्या जमिनीवर बहुतेक वेळा एकच अंडं घालते. त्याला लांबवर नजर पोचेल असा मोकळा माळ लागतो, झाडांची दाटी झाली तर तो थांबत नाही, आणि समोरचं त्याला कमी दिसतं म्हणून विजेच्या तारांना धडकून मरतो. मला अजून दिसलेला नाही. दिसेल की नाही माहीत नाही, पण तो यावा अशी जागा तरी असली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

जे दिसतं तेही काही कमी नाही. थंडीचे भोवत्ये आलेत, पार कझाकस्तानकडून येतात हे शिकारी पक्षी, दिवसभर गवतावरून अगदी खालून उडत नाकतोडे, उंदीर टिपतात आणि रात्री झाडावर नाही, गवतातच जमिनीवर जमून झोपतात. ज्वारीवाल्यांनी त्यांना हात जोडले पाहिजेत. डोंबारी चंडोल सरळ वर चढून एकदम कोसळतो आणि परत वर, तासन्‌तास चालतं त्याचं. काळवीट बघून आता कोणी मान वर करत नाही इतके येतात, ते पलीकडच्या तुरीत शिरतात आणि शेतकऱ्यांचा राग होतो, तो राग खोटा नाही, काकाही ते मान्य करतात. लांडगा मी एकदाच पाहिला, पहाटे, दोन होते, आमच्याकडे बघून घाई न करता निघून गेले.

लांडग्यावरून धनगराची गोष्ट सांगते. मला वाटलं होतं माळ राखायचा म्हणजे मेंढरं बंद. इथे तसं नाही. दिवाळीनंतर एक म्हातारे धनगर बाबा कळप घेऊन येतात, काका त्यांना गवताचं बी झडून गेलेला भाग चरायला देतात, एक भाग पूर्ण बंद ठेवतात आणि दरवर्षी फिरवतात, शिवाय खालच्या ज्वारीच्या रानात मेंढ्या बसवतात, त्याचं खत मिळतं आणि धनगर बाबांना धान्य. त्यांना विचारलं लांडगा मेंढी नेतो त्याचं काय, तर म्हणाले, "ताई, माळ हाय तर लांडगा हाय, आन् माळ हाय तर माझी मेंढरं हायत. एक दोन जात्यात. दुखतंय की, पण काय करता." वनखात्याकडून भरपाई मिळते, पंचनामा वेळेत झाला पाहिजे, काका त्यांना कागद भरून देतात. त्यांच्याच वाड्यातल्या लेंड्यांतून आम्ही बाभळीचं बी वेचतो, पोटातून गेलेलं बी लवकर उगवतं, नाहीतर गरम पाण्यात घालून ठेवावं लागतं.

बाबा, आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. दादा म्हणाला की मार्डीकडचा आपला वरचा तुकडा तुम्ही एप्रिलमध्ये जेसीबी लावून सपाट करणार, बोअर घेणार आणि केशर आंबा लावणार. मला माहितीय तुम्ही हे कोणासाठी करताय. मिल बंद पडल्यावर जे पैसे आले त्यातून तुम्ही तो तुकडा राखलात, विकला नाहीत, आईचे दागिने मोडले पण जमीन मोडली नाही, आणि आता वाटतंय की आपल्यामागे पोरांना काहीतरी उत्पन्न देणारं असावं. त्या वाटण्याला मी नाही म्हणूच शकत नाही.

पण मी मागच्या आठवड्यात यमाईचं दर्शन घेऊन तिथे जाऊन आले, काकांना आणि इथल्या एका मुलाला घेऊन. बाबा, तिथे काय काय आहे! वरच्या बाजूला पवन्या अजून टिकून आहे, बांधाला मारवेल आहे, तरवड तर एवढी आहे की आई, नवरात्रात तू घटाच्या माळेला बाजारातून विकत आणतेस ती फुलं आपल्याच माळावर वाळून जातात. ओढ्याच्या कडेला खोकडाचं, म्हणजे छोट्या कोल्ह्याचं, बीळ निघालं, चार-पाच तोंडं असलेलं, ताजी माती बाहेर काढलेली. आणि माळटिटवी आहे, धाविक आहे. हे दोन्ही पक्षी उन्हाळ्यात अंडी घालतात, उघड्या खडीवर, अंड्याचा रंग दगडासारखाच, पाय पडेपर्यंत दिसत नाही. म्हणजे तुमचा जेसीबी येणार तेव्हाच.

आंब्याचा हिशोबही मांडून पाहिला काकांबरोबर. आपल्या आजूबाजूची बोअर पाचशे फुटाला कोरडी गेलेली तुम्हीच सांगता. वीतभर मातीत खड्डे घेऊन बाहेरची काळी माती भरायची, ठिबक करायचं, पहिली चार-पाच वर्षं उन्हाळ्यात टँकर घालायचा, आणि तुमच्या गुडघ्यांनी रोज तिथे जायचं कोणी? अनुदान मिळेल पण पाणी मिळणार नाही. खालचा जो काळ्या मातीचा पट्टा आहे तिथे लावा ना आंबे, जेवढे विहिरीवर जगतील तेवढे, मी स्वतः येऊन खड्डे घेते. वरचा तुकडा तसाच ठेवू. गाजर गवत आणि वेडी बाभूळ काढू, दगडांची ताल नीट करू म्हणजे पाणी पळणार नाही, एक वर्ष चराई बंद ठेवू, मग बी पडून गेल्यावर गवत कापून विकू, मधे पट्टे न कापता सोडू. गेल्या उन्हाळ्यात वैरणीचा भाव काय होता ते गल्लीतल्या गवळ्याला विचारा. आंब्याएवढे पैसे नाही येणार, हे मी लपवत नाही. पण खर्चही नाही आणि दुष्काळात मरतही नाही ते, बहात्तरचा दुष्काळ तुम्ही खडी फोडून काढलाय, त्यानंतर पहिल्या पावसात माळावर सगळ्यात आधी काय उगवलं हे तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं.

लगेच हो म्हणू नका. फक्त जेसीबीवाल्याला एप्रिलचं नक्की करू नका. मी सिद्धेश्वरच्या गड्ड्याला, जत्रेला, येतेच आहे, अक्षता सोहळ्याच्या आदल्या दिवशी पोचेन, तेव्हा तुम्ही, मी आणि दादा गाडी करून वर जाऊ, सकाळी लवकर, आईला बांधावर खुर्ची टाकू. काकाही यायला तयार आहेत, तुमच्याशी त्यांना मिलबद्दल बोलायचंय, त्यांचे वडीलपण कामगार होते. बघून झाल्यावर तुम्ही जे ठरवाल त्यावर मी भांडणार नाही, आधी मात्र बघायला या.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांग, उद्यावर ढकलू नकोस. बाबांची बीपीची गोळी सकाळचीच, जेवणानंतर नाही. येताना हुरड्याची कणसं आणते, चटणी थोडी जास्तच करून ठेव, इथे काकूंनापण द्यायचीय.

तुमची,
मोठी