शेणीची रीत मुलांच्या वहीत उतरू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आयर्लंडमध्ये जळणासाठी ‘माती’ कापतात, असा उल्लेख आपल्या अंकात वाचला. ती माती नव्हे, पीट. पाणथळ जागी शेवाळ, गवत, झुडपे मरून पडतात. पाण्याखाली हवा पोचत नाही म्हणून ती पुरती कुजत नाहीत आणि थरावर थर साचत जातो. वर्षाला साधारण एक मिलिमीटर. पुरुषभर खोलीचा थर साचायला दीड-दोन हजार वर्षे लागतात.

तिथली कापणीची रीत आपल्या दुष्काळी तालुक्यांतल्या वाचकाने समजून घेण्याजोगी आहे. वसंतात जमिनीवरची गवताची साल सोलून बाजूला काढतात. मग ‘श्लान’ नावाचे हत्यार चालते. लांब दांडा, अरुंद पाते आणि त्या पात्याच्या कडेला काटकोनात दुसरे छोटे पाते; त्यामुळे एका दाबात तुकडा दोन बाजूंनी सुटतो. एक जण कापतो, दुसरा झेलतो, तिसरा ढकलगाडीने वाहतो. ओल्या तुकड्यात दहातले नऊ भाग पाणीच असते. ते तुकडे पसरून ठेवतात आणि वरचा पापुद्रा वाळून उचलण्याजोगे झाले की पाच-सहा तुकडे उभे करून एकमेकांना टेकवतात, म्हणजे मधून वारा खेळतो. शेवटी गंजी. कापायची घाई केली आणि उशिराचे हिव पडले तर आतले पाणी गोठून फुगते, तुकड्याचा भुगा होतो. उशीर केला तर उन्हाळा सरतो आणि माल ओलाच राहतो.

माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत झाड विरळ, म्हणून चूल शेणीवर, म्हणजे शेण थापून वाळवलेल्या गोवरीवर चालली. तिचीही रीत अशीच काटेकोर आहे. शेण माती न लागलेले हवे. मातकट शेणाची शेणी जळते कमी आणि राख करते जास्त. हिरव्या वैरणीवरच्या जनावराचे शेण पातळ पडते, त्यात पाटीला दोन-तीन ओंजळी भुसा किंवा दावणीतले चघाळ (जनावरांनी खाऊन उरलेली वैरण) बारीक करून मळावे लागते, नाहीतर शेणी वाळताना तडकते. खाली भुसा पसरून वीतभर रुंद, दोन बोटे जाड अशी थापायची. त्याहून जाड झाली की वरून कडक, आत ओली. मग बुरशी, अळ्या आणि चुलीत नुसता धूर. फार पातळ झाली तर उचलतानाच मोडते. तीन-चार दिवसांनी उलथायची, मग कडेवर उभी करून दोन-दोन एकमेकींना टेकवायच्या. आयर्लंडमधला माणूसही तेच करतो, कारण वाऱ्याचे गणित दोन्हीकडे एकच. दोन शेण्या एकमेकींवर आपटल्या आणि खणकन आवाज आला तर वाळली, थप्प वाजली तर अजून ऊन हवे.

खरे कसब हुडव्यात, म्हणजे पावसाळ्यासाठी शेण्या रचून केलेल्या ढिगात. तो मृगाच्या आत रचून झाला पाहिजे. उंचवटा बघून खाली दगड, वर तुरकाट्या, म्हणजे ओल आणि वाळवी चढत नाही. शेण्या कडेवर, आत कलत्या, वर निमुळता होत जाणारा ढीग. त्यावर शेणाचे लिंपण किंवा पाचटाची शाकारणी. पावसाची झड पश्चिमेकडून येते म्हणून काढायचे तोंड पूर्वेला. हात घालण्याआधी काठीने ठोकायचे, आत विंचू असतो.

शेणीच्या आराचा, म्हणजे निखाऱ्यांच्या धगीचा गुण बघायचा तर बैलगाडीच्या चाकाला धाव (लोखंडी पट्टा) चढवताना बघावा. चाकाएवढ्या गोलात शेण्या रचून त्यावर लोखंडी धाव ठेवतात आणि वरून पुन्हा शेण्या. लाकूड एका अंगाला भडकते. शेणीचा आर सगळीकडे सारखा चढतो, म्हणून धाव सगळीकडून सारखी फुगते. सांडशांनी उचलून चाकावर बसवली की लगेच पाणी. आकसताना ती चाकाचे लाकडी पुठ्ठे असे आवळते की सांधा उरत नाही. ताव कमी-जास्त झाला तर धाव अडते आणि सगळी आग पुन्हा पेटवावी लागते.

शेणीच्या चुलीकडे परत चला, असे म्हणणे नाही. त्या धुराने बायकांचे डोळे आणि छाती गेली. घरात गॅस आला हे चांगलेच झाले, आणि शेण शेतात किंवा गोबरगॅसच्या टाकीत जास्त उपयोगी. आयर्लंडनेही पीटला आवर घातला. १९४६ साली स्थापन झालेल्या ‘बोर्ड ना मोना’ या तिथल्या सरकारी कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये पीट काढणे कायमचे थांबवल्याचे जाहीर केले, आणि ३१ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांतून व ऑनलाइन त्याच्या कापीव तुकड्यांची विक्री बंद झाली. ज्यांचा कापणीचा हक्क आहे त्यांना घरापुरते कापता येते.

पण आयर्लंडने एक काम फार आधी करून ठेवले होते. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या सुमारे ५०,००० मुलांनी घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून गावच्या चालीरीती, कामे, हत्यारे, गोष्टी वहीत उतरवल्या. त्या वह्या आज डब्लिनच्या विद्यापीठात जपलेल्या आहेत आणि कोणालाही इंटरनेटवर वाचता येतात.

सातारा आणि सांगली जिल्हा परिषदांच्या शाळांना हे अवघड नाही, वेगळा निधीही लागणार नाही. दिवाळीच्या सुट्टीचा एक निबंध याला द्यावा, पाचवी ते सातवीच्या मुलांना. प्रश्न नेमके असावेत. ‘जुन्या काळातील इंधन’ असा विषय दिला तर गाइडातला उतारा परत येईल. शेण कुठल्या महिन्यात थापायचे आणि कुठल्या महिन्यात नाही? भुसा कशाचा? हुडवा गोल की लांबट, तोंड कुठे? होळीसाठी, कुंभाराच्या भट्टीसाठी, धावेसाठी वेगळी शेणी लागे का? पाटण, शिराळ्याकडे लाकूड मुबलक, तिथली उत्तरे जतपेक्षा निराळी येतील आणि तीच मोलाची आहेत. सांगणाऱ्या आजीचे नाव, वय आणि माहेरचे गाव वर लिहून घ्यावे, कारण रीत बहुधा माहेरची असते.

गुरुजींना आणि बाईंना एकच विनंती. मुलाने ‘शेणी’ लिहिले तर लाल शाईने त्याची ‘गोवरी’ करू नये. हुडवा, चघाळ, आर हे शब्द आजीने जसे उच्चारले तसेच वहीत राहू द्यावेत.

आपला,
एक वाचक, म्हसवड (ता. माण, जि. सातारा)