घराचा विमा : आगीनंतर नेमके किती मिळते?

संपादक महोदय,

पर्वरीत 80 लाखांना घेतलेल्या फ्लॅटचा विमाही 80 लाखांचाच हवा, असा हिशेब बरेचजण करतात. पण आगीत जमीन जळत नाही. 1 एप्रिल 2021 पासून लागू असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत विम्याची रक्कम कार्पेट एरिया (घराच्या आतले प्रत्यक्ष वापराचे क्षेत्रफळ) गुणिले बांधकामाचा चालू दर अशी निघते. जिना, लिफ्ट अशा सामायिक जागांचा वाटा धरलेला बिल्डरचा सुपर बिल्ट-अप आकडा इथे लावायचा नसतो.

खरी गफलत होते ती गावातल्या कौलारू घरांत. समजा, आतल्या खोल्या 100 चौरस मीटर आणि पडवी 40. पडवी, बाल्कनी, गच्ची यांचे क्षेत्रफळ फक्त 25 टक्के धरतात, म्हणून एकूण 110. दर 25,000 रुपये धरला तर साडेसत्तावीस लाख. हा दर मात्र अर्ज भरणारा एजंट सवयीने स्लॅबच्या घराचा लावतो. तुमचे घर चिऱ्याच्या जाड भिंतींचे, वर लाकडी वासे, रिपा आणि मंगळुरी कौले. आगीत आधी कोसळते ते छप्परच. तेव्हा लाकूड आणि सुतार यांचे आजचे भाव विचारून मगच दर लिहावा. विमा कमी काढला म्हणून या पॉलिसीत दावा त्या प्रमाणात कापत नाहीत आणि रक्कमही वर्षाला 10 टक्क्यांनी आपोआप वाढते, हे खरे. पण लिहिलेल्या मर्यादेच्या वर पैसा मिळत नाही.

घरातल्या सामानाला यादी न देता घराच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, संरक्षण असते. वरच्या उदाहरणात साडेपाच लाख. दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते. रोकड, दस्तऐवज आणि वाहने यांत बसत नाहीत. पडवीतली स्कूटर जळाली तर तिचा स्वतःचा विमाच कामाला येईल.

फ्रिजमध्ये शॉर्टसर्किट होऊन आग लागली, तर त्या फ्रिजचे पैसे मिळत नाहीत. ती आग पसरून जळालेले कपाट आणि छप्पर यांचे मिळतात. आग कुठून सुरू झाली यावरच नुकसान पाहायला आलेला विम्याचा सर्वेक्षक आधी बोट ठेवतो. तो येऊन जाईपर्यंत राख उपसू नये, जळका स्विचबोर्डही भिंतीवरून काढू नये. फोटो मात्र लगेच काढावेत.

मलबा हटवायला दाव्याच्या 2 टक्क्यांपर्यंतच पैसे मिळतात, म्हणजे 10 लाखांच्या दाव्यावर 20 हजार. अर्धवट जळालेले वासे, फुटकी कौले आणि ढासळलेले चिरे भरून नेणाऱ्या ट्रकांना आणि मजुरांना ते पुरणे कठीण. आर्किटेक्ट, इंजिनिअर यांच्या फीला 5 टक्क्यांची मर्यादा आहे.

गृहकर्ज असेल तर विमा फक्त कर्जाच्या रकमेचा तर नाही ना, हे पॉलिसीवर पाहावे. वाटणी न झालेल्या घरात विमा अनेकदा एकाच भावाच्या नावाने असतो; बाकीच्या वाटेकऱ्यांची नावे आताच घालून घ्यावीत, जळाल्यावर तो वाद सुटत नाही.

आग लागल्यास 101 वर फोन, विमा कंपनीला लेखी कळवणे, मग अग्निशमन दलाचा अहवाल. दाव्यावरून वाद झाला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. गोव्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे आणि तिथे 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी ऐकल्या जातात, फी न घेता.

— एक वाचक, फोंडा