रोजच्या ड्रायव्हिंगच्या थकव्याबद्दल

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गाडीतून उतरल्यावर मान आखडलेली असते आणि बराच वेळ कुणाशी बोलावंसंही वाटत नाही, असं तुम्ही फोनवर म्हणालात. सगळा दोष ट्रॅफिकवर टाकलात. ट्रॅफिक आपल्या हातात नाही, पण सीट आहे, आणि बरंचसं दुखणं तिथूनच सुरू होतं.

आधी मागच्या खिशातलं पाकीट बाहेर काढा. त्यावर बसलं की कंबर एका बाजूला कलते आणि पाठ ती तिरकी तोलत राहते. मग अगदी मागे टेकून बसा आणि ब्रेक पूर्ण दाबून बघा. गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. पाय ताणला जात असेल तर सीट पुढे घ्या. आता खांदे न उचलता हात लांब करा. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर पाठ जास्त मागे पडली आहे. तुम्हाला ऐसपैस रेलायची सवय, पण तसं बसलं की समोर बघायला मान पुढे काढावी लागते, आणि डोक्याचं चार-पाच किलो वजन मानेचे स्नायू सगळी वाट धरून ठेवतात. सीटची पाठ बैठकीशी साधारण १०० ते ११० अंशांत ठेवा. कंबरेच्या खोलगट भागात टॉवेलची छोटी गुंडाळी चालेल. मात्र ती जाड झाली तर उलट पाठच पुढे ढकलते.

असं ताठ बसल्यावरच आतला आरसा लावा. अर्ध्या वाटेत खाली घसरलात की मागची काच आरशात कापलेली दिसेल. तेव्हा आरसा हलवायचा नाही, स्वतः वर सरकायचं.

आई, तू फार पुढे सरकून बसतेस. छाती आणि स्टिअरिंग यांत निदान २५ सेंटिमीटर हवेत, नाहीतर धडकेत फुगणाऱ्या एअरबॅगचाच मार बसतो. पाठ किंचित मागे कलव, स्टिअरिंग खाली-वर होत असेल तर छातीच्या रोखाने खाली घे, आणि रस्ता नीट दिसत नसेल तर सीट उंच कर.

एसीचं ते बटण, गाडीच्या चित्रात आत वळलेला बाण असलेलं, तुम्ही कायम चालू ठेवता. त्याने तीच हवा आत फिरते, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साचतो, मग डोकं जड होतं आणि जांभया येतात. पुढे धूर ओकणारा ट्रक असेल तेवढ्यापुरतं ते लावा, नंतर लगेच बाहेरची हवा सुरू करा.

आता ताणाचं. सिग्नलला थांबलात की चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या आणि सहा आकडे मोजत सोडा, पाच-सहा वेळा. श्वास सोडणं लांबलं की नाडी थोडी मंदावते, हाच त्याचा उपयोग. श्वास रोखायचा नाही आणि डोळे उघडेच ठेवायचे. तुमचं सकाळचं प्राणायाम गाडीत नको. चक्कर आल्यासारखं वाटलं तर मोजणं सोडून नेहमीसारखा श्वास घ्या. त्याच वेळी दात एकमेकांवर आवळलेत का ते बघा. बहुतेक आवळलेलेच सापडतील. ओठ मिटलेले, दात सुटे, खांदे खाली, आणि स्टिअरिंगवरची मूठ सैल.

पुढच्या गाडीला चिकटून चालवलं की पाय सतत ब्रेकवर आणि जीव टांगणीला. ती गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मोजायला लागा. तुम्ही तिथे पोचेपर्यंत तीन सेकंद जायला हवेत. ताशी ६० किलोमीटरला हे अंतर सुमारे ५० मीटर होतं. पावसात आणखी वाढवा. मध्ये कुणी घुसेल, घुसू दे. दर वेळी दोन-तीन सेकंदच जातात. घाईचा हिशेबही करून बघा: दहा किलोमीटर ५० ऐवजी ६० च्या वेगाने गेलात तर वाचतात दोन मिनिटं, तीही रस्ता पूर्ण मोकळा असेल तर. त्यापेक्षा दहा मिनिटं आधी निघालेलं परवडतं.

गाणी ऐका, ओळखीची आणि हळू आवाजात. भांडखोर चर्चा नकोत. फोन हँड्सफ्री असला तरी लक्ष जातंच, त्यामुळे माझाही उचलू नका.

झोप येत असेल तर काच खाली करून किंवा आवाज वाढवून ती जात नाही. सुरक्षित जागी गाडी लावा, चहा किंवा कॉफी घ्या आणि १५-२० मिनिटं डुलकी काढा. कॅफीन लागू पडायला साधारण अर्धा तास लागतो, म्हणून प्यायचं आधी आणि झोपायचं नंतर. वीस मिनिटांहून जास्त झोपलात तर उठल्यावर सुस्ती येते. उठल्यावर दोन-चार मिनिटं चालून मगच निघा.

पोचल्यावर इंजिन बंद करून दोन मिनिटं तसंच बसा, मग उतरा. बंद गॅरेजमध्ये मात्र इंजिन चालू ठेवून क्षणभरही बसू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, रक्तदाबाच्या काहींनी उठताना गरगरतं. आई, तुम्हा दोघांच्या गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं आणि वेळा मला लिहून पाठव. डॉक्टरांना काय विचारायचं त्याची यादी करून देते.

तुमची,
लेक