दप्तरातला कॅन

कोथरूड, पुणे
रविवार

प्रिय नंद्या,

परवा फोनवर 'सगळं मजेत' म्हणालो, ते खोटं होतं. चिरंजीव दहावीला आहेत आणि गेले दोन महिने रात्री साडेअकराच्या सुमारास त्याची छाती धडधडते. हात गार पडतात. 'बाबा, काही आठवत नाहीये' म्हणत पलंगावर बसून राहतो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. हृदय ठणठणीत आहे, चिंतेचा त्रास आहे, म्हणाल्या. मग विचारलं, "दिवसभर खातो काय?"

घरी येऊन दप्तर उपसलं. डब्यात पोळीभाजी जशीच्या तशी, भेंडीला तार सुटलेली. बाजूच्या कप्प्यात चिप्सच्या पाकिटांच्या बारीक घड्या, आपण पीएमटीच्या तिकिटांच्या करायचो तशा. आणि एनर्जी ड्रिंकचा कॅन. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय, मुलांसाठी नाही! नियमानं अशा पेयात लिटरमागे 300 मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं. म्हणजे 250 मिलीच्या कॅनमध्ये 75. हा संध्याकाळी सहाच्या क्लासआधी एक पितो, चाचणी असली की दोन. त्यातलं निम्मं अंगातून जायलाच पाचेक तास लागतात. आता साडेअकराचा हिशोब तूच कर.

शाळेच्या फाटकापासून 50 मीटरांत असलं खाणं विकायचं नाही, असा 2020 चा नियम आहे म्हणे. पण टिळक रोडवरचा क्लास म्हणजे शाळा थोडीच? जिन्याखालीच टपरी.

मी लगेच फर्मान काढलं, पाकीट बंद! तर बायको म्हणाली, "पाकिटामुळे धास्ती की धास्तीमुळे पाकीट, ते आधी ठरव." गप्प बसलो. 2024 मध्ये 'बीएमजे' या डॉक्टरी नियतकालिकानं बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा छापलाय. कारखान्यातलं तयार खाणं जास्त खाणाऱ्यांत चिंतेचा त्रासही जास्त, असं त्यात दिसतं. पण कशामुळे काय, ते त्यावरून ठरत नाही. घाबरलेलं पोर पोळीभाजीपेक्षा चिप्सच उघडणार ना! शिवाय चाचणीचे मार्क रात्री दहाला पालकांच्या ग्रुपवर टाकणारा क्लास आम्हीच निवडला, त्याचं काय?

कॅन तेवढा बंद केलाय. त्यानं तीन दिवस डोकं दुखतंय म्हणून घर डोक्यावर घेतलं, आता झोप जरा लवकर लागते. धडधड थांबलेली नाही, कमी आहे. क्लासच्या ग्रुपमधून मी बाहेर पडलोय. संध्याकाळी भडंग नाहीतर दडपे पोहे देतो. काल डबा रिकामा आला. खूश झालो, तर म्हणतो, "मित्रांनी संपवला." आज दुप्पट भरलाय.

वहिनींना नमस्कार. तुझी लेक यंदा नववीत ना? तिचं दप्तर बघ एकदा. तिला विचारून.

तुझा,
अव्या